जरा सरकून घ्या: ठाण्यातल्या एका विनोदी शिल्पाचं प्रकरण

ठाणे पश्चिमेला, तलावपाळीपासून चालत काही मिनिटांवरच्या एका छोट्या उद्यानाच्या कडेला लोकलमधलं एक बाकडं आहे. त्यावर ब्राँझची तीन माणसं बसली आहेत आणि टोकाला चौथ्या सीटपुरती जागा सोडली आहे. तिथे येणाऱ्याजाणाऱ्याने टेकायचं. हे शिल्प कसं ठरलं, कसं उभं राहिलं आणि पहिल्या वर्षभरात कुठे कुठे चुकलं, याची ही नोंद आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत.

पार्श्वभूमी

उद्यानाच्या दुरुस्तीचं काम निघालं होतं. नवं कुंपण, नवी फरसबंदी, आणि अंदाजपत्रकाच्या शेवटी एक ओळ: शहराची ओळख सांगणारं काहीतरी कोपऱ्यात उभारावं. सुशोभीकरणाच्या बहुतेक कामांत ही ओळ असते. तिचं कारंजं होतं, कारंजं बंद पडतं, मग त्यात माती भरून झाडं लावली जातात. इथे तसं झालं नाही, कारण परिसरातल्या रोज प्रवास करणाऱ्या काही लोकांनी ती ओळ मनावर घेतली.

पहिल्या बैठकीत तीन सूचना आल्या: रेल्वे इंजिनाची प्रतिकृती, तलावातला राजहंस आणि चौथी सीट. इंजिनाच्या मागे इतिहास भक्कम उभा होता. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला आली, हे इथल्या शाळकरी मुलालाही सांगता येतं. साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनांची नावंसुद्धा पुष्कळांना पाठ आहेत. पण त्या गाडीत सुमारे ४०० माणसं बसून आली होती आणि तेव्हापासून हे शहर गाडीत बसतंच आहे. चौथ्या सीटवाल्यांचं म्हणणं एवढंच होतं की एकदा इंजिनाऐवजी बसणाऱ्यांकडे बघू या.

मुंबईबाहेरच्या वाचकासाठी थोडं खुलाशाने. लोकलचं बाकडं तिघांसाठी असतं. चौथा येतो, "जरा सरकून घ्या" म्हणतो, तिघं सरकतात, आणि तो एका मांडीवर टेकून, पाय पॅसेजमध्ये सोडून घरापर्यंत जातो. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. तरी डब्यात त्यावर वाद फारसा होत नाही, कारण आज सरकणारा उद्या चौथा असतो. ठाण्याचा स्वभाव एका दृश्यात पकडायचा तर याहून नेमकं दृश्य सापडणं कठीण आहे, असं आमचं मत आहे.

नेमका पेच

प्रस्ताव गेला आणि पहिली अडचण एका शब्दाची निघाली. फाइलवर विषय होता "पुतळा बसवणेबाबत". महाराष्ट्रात थोर व्यक्तींच्या पुतळ्यांसाठी शासनाची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत मातीच्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता लागते आणि बाकीचीही बरीच पूर्तता करावी लागते. बाकड्यावर बसवायच्या झोपलेल्या प्रवाशाला ही प्रक्रिया लागू नाही. पण टेबलावरच्या माणसाने विषयाचं नाव वाचलं आणि फाइल त्या रस्त्याला लावली. अडीच महिने गेले. "उद्यान सुशोभीकरणांतर्गत बैठक-शिल्प" असा विषय लिहून नवी फाइल केल्यावर काम पुढे सरकलं. मंजुरी मागताना आपण वस्तूला काय म्हणतो हे पहिल्याच कागदावर नीट ठरवावं.

दुसरा पेच भावनेचा होता. एका लोकप्रतिनिधीने सरळ विचारलं, "शहराला एवढा इतिहास असताना आपण आपलीच थट्टा दगडात कोरून ठेवायची का?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आपल्याकडे चौकातला पुतळा म्हणजे आदर. चौथरा, हार, जयंती. त्या जागी गंमत आणायची तर ती कोणाची गंमत, हे सांगता आलं पाहिजे.

उत्तरादाखल प्रस्तावाला बाहेरची उदाहरणं जोडली गेली. ब्रसेल्सचा लघवी करणारा मुलगा, मानेकेन पिस, अर्ध्या मीटरहून थोडाच उंच आहे, पण १७व्या शतकापासून तो त्या शहराची खूण आहे आणि त्याच्या पोशाखांची संख्या हजाराच्या वर गेली आहे. ग्लासगोत ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या घोड्यावरच्या पुतळ्याच्या डोक्यावर लोक वर्षानुवर्षं वाहतुकीचा शंकू ठेवत आले. २०१३ मध्ये चौथरा उंच करून हे थांबवण्याची योजना आली, तेव्हा नागरिकांनी इतका विरोध केला की ती मागे घ्यावी लागली. जवळचं उदाहरण म्हणजे आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन. पुण्यात सिम्बायोसिसमध्ये आणि वरळी सीफेसवर त्याचे पुतळे आहेत आणि त्यामुळे सामान्य माणसाचा अपमान झाला असं कोणी म्हणत नाही. आपण स्वतःवर हसतो तेव्हा अपमान होत नाही, दुसऱ्यावर बोट ठेवून हसलं की होतो. हा फरक पुढे प्रत्येक आकृतीच्या वेळी कामाला आला.

जागेचे पर्याय

मूळ सूचना चौकातल्या वाहतूक बेटाची होती. ती तीन कारणांनी मागे पडली.

पहिलं कारण कायद्याचं. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जानेवारी २०१३ च्या आदेशाने सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक सोयीच्या जागांवर पुतळे किंवा बांधकामं उभारायला परवानगी देण्यास मनाई आहे. दिवे, वाहतुकीची कामं आणि रस्त्यांचं सुशोभीकरण त्यातून वगळलेलं असलं, तरी त्या सवलतीत बसतं की नाही यावर भांडत बसण्यापेक्षा उद्यानाच्या हद्दीत आत येणं शहाणपणाचं होतं. दुसरं कारण सुरक्षेचं. स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हात गटाराच्या झाकणातून डोकं बाहेर काढून बघणारा चुमिल हा पुतळा १९९७ पासून आहे. वाहनांच्या धडका बसल्यावर तिथे त्याच्यासाठी खास वाहतुकीचा फलक लावावा लागला. तिसरं कारण आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं. विनोदी शिल्प गाडीतून दिसत नाही. चालणारा माणूस थांबतो, वळतो, दुसऱ्याला हाक मारून दाखवतो, तेव्हा कुठे ते घडतं.

म्हणून उद्यानाची रस्त्याकडची आतली कडा ठरली. कुंपण त्या ठिकाणी पावणेतीन मीटर आत घेतलं. बाकड्यापुढे पदपथाची मोकळी रुंदी १.८ मीटर ठेवली, इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या पादचारी मार्गदर्शिकेत आहे तेवढी. पण फोटो काढणारा दोन-अडीच मीटर मागे जातो, म्हणजे तो नेमका त्या १.८ मीटरमध्येच उभा राहतो, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

चौथरा ठेवायचा नाही, यावर शिल्पकार ठाम होता. बाकडं जमिनीवर, बसण्याची उंची ४३ सेंटिमीटर.

बाकड्यावर कोण बसणार

पहिल्या रेखाटनात खिडकीपाशी टोपली घेऊन झोपलेला एक माणूस होता, विशिष्ट पद्धतीचं नेसण आणि डोक्याला फडकं. रेखाटन सुरेख होतं. पण ते पाहणारा प्रत्येक जण दोन सेकंदांत एकाच समाजाचं नाव घेत होता. या खाडीकाठच्या जुन्या रहिवाशांना "गाडीत घोरणारे" म्हणून शहराच्या मधोमध बसवणं चुकीचं ठरलं असतं, आणि चित्र लोकांपुढे ठेवताच तसं स्पष्ट सांगितलं गेलं. ती आकृती रद्द झाली. झोपलेला माणूस साधा शर्ट-पॅन्टमधला झाला, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, डोकं शेजारच्याच्या खांद्यावर.

मधली आकृती मटार सोलणाऱ्या बाईची. इथे वाद उलट्या बाजूने आला. बैठकीतल्या पुरुषांना वाटलं, बाईला भाजीच का? लेडीज डब्यातल्या रोजच्या प्रवाशांना चित्र दाखवलं तेव्हा त्यांचं मत निराळं निघालं. मटार सोलणं त्यांना खटकलं नाही, बाईचं फुगवलेलं अंग खटकलं. "सोलतो आम्ही, त्यात लपवायचं काय? पण तिला नीट बसवा," असं एकीने सांगितलं. मटार राहिले, अंग नेहमीच्या प्रमाणात आलं, आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपलेला परका पुरुष हलवावा लागला. नवा क्रम असा झाला: खिडकीपाशी बाई, मध्ये पेपर वाचणारा, त्याच्या खांद्यावर कलंडलेला तिसरा.

मग नवी अडचण उभी राहिली. चौथ्या सीटला लागून बसलेलाच माणूस झोपलेला असेल तर सरकणार कोण? सगळी गंमत सरकण्यात आहे. म्हणून अदलाबदल पुन्हा झाली. झोपलेला मध्ये आला, त्याचं डोकं पेपरवाल्याच्या खांद्यावर, आणि पेपरवाला टोकाला. पेपर घड्यांवर घड्या घालून तळव्याएवढा केलेला, कारण गर्दीत तो तसाच वाचतात.

पेपरवाल्याच्या चेहऱ्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. मातीच्या पहिल्या मॉडेलमध्ये तो कपाळाला आठ्या घालून चौथ्याकडे बघत होता. दुसऱ्यात हसून स्वागत करत होता. आठ्यांनी बसायला आलेला माणूस बुजला असता, आणि हसरा चेहरा डब्यातल्या कोणालाच खरा वाटला नाही. शिल्पकाराने तिसऱ्यांदा माती लावली तेव्हा नजर पेपरातच ठेवली, एक भुवई किंचित वर, ओठ जरासे मिटलेले. पण कंबर आधीच आत सरकलेली आणि उजवा गुडघा वळवून घेतलेला. तोंड वाकडं, जागा मात्र दिलेली. तिथे सगळ्यांचं एकमत झालं.

बावीस सेंटिमीटर

या प्रकरणातला खरा निर्णय हा आहे. चौथ्या सीटची रुंदी किती?

अभियंत्याने आराखड्यात ४५ सेंटिमीटर लिहिले, कारण एका माणसाला नीट बसायला साधारण तेवढं लागतं. त्याच्या बाजूने हिशेब बरोबर होता. शिल्पकाराने १५ मागितले. ४५ ठेवले तर ते उद्यानातलं आणखी एक बाकडं होतं, चार जण आरामात बसले, संपलं. १५ ठेवले तर ज्येष्ठ माणूस घसरतो आणि त्याची जबाबदारी उद्यान विभागावर येते.

कागदावर हे सुटणार नव्हतं. १८ मिलिमीटरच्या प्लायवूडचं पूर्ण मापाचं बाकडं केलं, तीन आकृत्यांच्या जागी वाळूची पोती ठेवली आणि चौथ्या बाजूला सरकती फळी लावली. एका रविवारी सकाळी ते उद्यानात ठेवून येणाऱ्यांना बसायला सांगितलं. फळी १५, २०, २५ आणि ३० सेंटिमीटरवर आळीपाळीने. १५ वर लोक बसल्यासारखं करून उठत. ३० वर बसत आणि मोबाइल काढत, म्हणजे बाकड्याकडे त्यांचं लक्षच राहत नसे. २० आणि २५ च्या मध्ये मात्र प्रत्येकाचं शरीर एकच हालचाल करायचं: एक मांडी वर, दुसरा पाय बाहेर रोवलेला, आणि मान आपोआप शेजारच्याकडे वळायची. बहुतेकांच्या तोंडून "अजून थोडं सरका" निघायचं, तेही पोत्याला उद्देशून. २२ वर नक्की केलं.

कडेला गोलाई दिली, १२ मिलिमीटर त्रिज्येची. सीटला आतल्या बाजूला उतार दोन अंशांचा, जेणेकरून टेकलेला माणूस बाहेर न घसरता शेजारच्याकडे झुकेल. हात टेकायला पेपरवाल्याचा दंड आहेच. तो दंड म्हणूनच जाड धरला. सगळा भार तिथे येणार, हे त्या रविवारी दिसलं होतं. आणि ज्याला खरंच बसून विश्रांती हवी त्याच्यासाठी चार मीटरवर पाठ आणि हात असलेलं नेहमीचं बाकडं ठेवलं. हा पर्याय दिला नसता तर २२ सेंटिमीटर हा आडमुठेपणा झाला असता.

साहित्य, ओतकाम आणि पाया

फायबर, टाकाऊ लोखंड आणि ब्राँझ असे तीन पर्याय होते. ब्राँझचा खर्च फायबरच्या जवळपास पाचपट आला. भंगारातली शिल्पं लांबून बघायला छान दिसतात, पण ज्यावर मुलं चढणार त्याला धारदार कडा आणि गंज चालत नाही. फायबर टिकेल का, हे बघायला एक हात करून उद्यानाच्या चौकीबाहेर एका पावसाळ्यासाठी ठेवला. आत माइल्ड स्टीलची सळई होती. ऑक्टोबरपर्यंत मनगटापाशी बारीक भेग, भेगेतून तांबूस ओघळ, आणि वरचा गुळगुळीत थर, जेलकोट, पिवळट. खाडीच्या दमट खारट हवेत हे होतंच: पाणी आत शिरतं, सळई गंजून फुगते आणि वरचं कवच फोडते. हा हात बैठकीत टेबलावर ठेवल्यावर पाचपट खर्चाला विरोध उरला नाही. बाजारपेठेतल्या दुकानदारांनी फरकाचा निम्मा भार उचलला, अट एकच, बाकड्यावर कोणाचीही जाहिरात नको. ही अट दुकानदारांनीच घातली, हे मुद्दाम नोंदवायला हवं.

ओतकाम मेणाच्या पद्धतीने झालं, म्हणजे आधी मेणाची प्रत, मग मेण वितळवून त्या जागी धातू. तांबं ८५ टक्के, उरलेल्यात कथील, जस्त आणि शिसं प्रत्येकी ५. कवचाची जाडी सहा ते सात मिलिमीटर, एकेक आकृती ११० ते १३० किलो. आतला सांगाडा ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा. ३०४ स्वस्त पडतं, पण क्षाराच्या हवेत त्याला ठिपक्याठिपक्यांनी गंज लागतो. ब्राँझ आणि स्टील जिथे एकमेकांना लागतात तिथे दोन धातू थेट भिडून गंजू नयेत म्हणून निओप्रीन या रबराची पट्टी घातली.

तिघांच्या खालच्या पट्ट्या ब्राँझमध्येच ओतल्या. चौथी सीट मात्र खऱ्या सागवानाची, ३० मिलिमीटर जाड, तीन पट्ट्या, खालून बोल्ट. कारण साधं: मे महिन्यात दुपारी धातूवर बसता येत नाही. लाकूड झिजेल, दर तीन-चार वर्षांनी बदलावं लागेल, हे धरूनच ते निवडलं. जुन्या डब्यांतल्या लाकडी बाकड्यांची आठवण असणाऱ्यांना त्यावर हात फिरवताना बघितलं की निर्णय बरोबर होता असं वाटतं.

पाया २.४ बाय १ मीटर, ४५ सेंटिमीटर जाड, एम २५ प्रतीचं काँक्रीट, त्यात २० मिलिमीटरचे आठ अँकर बोल्ट. खोदाईत ७० सेंटिमीटरवर एक चालू जलवाहिनी लागली, जी कोणत्याच नकाशावर नव्हती. पाया ४० सेंटिमीटर सरकवावा लागला. इथेही सरकून घ्यावं लागलं. आधी हाताने दोन चाचणीखड्डे घेतले असते तर आठवडा वाचला असता. चौथ्या सीटचा ब्रॅकेट १२ मिलिमीटर जाड पट्टीचा आहे आणि कडेवर दोन मोठी माणसं एकदम बसली तरी वाकू नये असा हिशेब धरला आहे, कारण मुलं तिथे बसण्यापेक्षा उड्याच जास्त मारतात.

पाटी

यावर तीन बैठका गेल्या. चार बाय तीन फुटांची ग्रॅनाइटची पाटी, त्यावर नावं, असा मसुदा आला होता. बाकड्याच्या मागे ती उभी केली असती तर प्रत्येक फोटोत चौथ्या माणसाच्या डोक्यामागे नावांची यादी आली असती. नावांची पाटी उद्यानाच्या मुख्य दारापाशी न्यायची, असा तोडगा निघाला. बाकड्यापुढच्या फरशीत फक्त तीन शब्द कोरले: जरा सरकून घ्या. खाली तेच ब्रेलमध्ये, हाताला लागेल अशा उंचीवर बाकड्याच्या दांडीवरही.

पहिलं वर्ष

पेपरवाल्याचा चष्मा अकराव्या दिवशी गेला. तीन मिलिमीटरची तार, कानामागे स्क्रूने बसवलेली. दुसरा चष्माही तसाच बसवला आणि तोही गेला. तिसरा सहा मिलिमीटरच्या दांडीचा केला, नाकावर आणि दोन्ही कानांशी वेल्ड करून घासून एकजीव केला. तो आहे. झोपलेल्याच्या ओळखपत्राची फीत मात्र आधीपासूनच शर्टाला चिकटलेली ओतली होती, तिला काही झालं नाही. माणसाच्या बोटांत मावेल, अशी कोणतीही सुटी वस्तू रस्त्यावरच्या शिल्पात ठेवू नये.

बाईच्या डब्यातून निसटून जमिनीवर पडलेला एक मटार होता, बोराएवढा, पितळी चमकीचा. आठ मिलिमीटरच्या पिनेवर बसवलेला. तिसऱ्या आठवड्यात तो कोणीतरी उपटून नेला. गंमत अशी की तोपर्यंत मुलांचा खेळ ठरला होता, आधी मटार शोधायचा, मग बसायचं. नवा मटार फरशीत अर्धा बुडवून, खालून वळवलेल्या पिनेने पक्का केला. आता तो पावलांनी गुळगुळीत होतो आहे.

डब्याने वेगळाच ताप दिला. सोललेल्या मटारांमध्ये पावसाचं पाणी साचायचं. निचऱ्यासाठी सहा मिलिमीटरचं भोक होतं, ते एका पानाने बंद झालं, आणि जुलैत फवारणीवाल्यांना त्यात अळ्या सापडल्या. शहराच्या लाडक्या शिल्पात डेंग्यूचे डास, ही बातमी व्हायला वेळ लागला नसता. भोक १२ मिलिमीटरचं करून खाली नळी सोडली आणि मटारांची पातळी एपॉक्सीने वर आणली, की पाणी थांबायला जागाच उरू नये. ओतकामाआधी मेणाच्या प्रतीवर तांब्याभर पाणी ओतून बघितलं असतं तर हे तिथेच कळलं असतं.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र प्रेमाने झालं. उद्यानातल्या एका सफाई कर्मचाऱ्याने दसऱ्याआधी पूर्ण शिल्प चिंच आणि भांडी घासायच्या पावडरीने लख्ख केलं. घरातली तांब्या-पितळेची भांडी आपण सणाला अशीच उजळतो. पण ब्राँझवरचा तपकिरी थर, पॅटिना, हा मळ नसतो. तो उष्णता आणि रसायनं देऊन मुद्दाम चढवलेला असतो आणि धातूचं रक्षण करतो. चिंचेच्या आम्लाने तो गुडघे, नाकं आणि कपाळावरून निघाला, खालून गुलाबी तांबट डाग आले. ओतशाळेतल्या कारागिराला बोलावून गॅसच्या ज्योतीवर धातू तापवत पोटॅशियम सल्फाइड आणि फेरिक नायट्रेटचे हात पुन्हा द्यावे लागले. दोन दिवस गेले. त्या कर्मचाऱ्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. काय लावायचं नाही, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आता चौकीत एक कागद चिकटवलेला आहे: सौम्य साबण, मऊ फडकं, साधं पाणी, आणि खाली मोठ्या अक्षरांत "चिंच, लिंबू, पावडर, तारेची घासणी बंद". मे आणि ऑक्टोबर असं वर्षातून दोनदा धुऊन, पूर्ण वाळवून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात देतात. या कामाला दोन माणसांचा अर्धा दिवस पुरतो.

लोकांच्या स्पर्शाने पेपरवाल्याचा दंड आणि झोपलेल्याचं नाक पिवळं चमकू लागलं आहे. ते तसंच राहू द्यायचं ठरलं. अर्थात स्पर्शालाही मर्यादा असते. वेरोनातल्या ज्युलिएटचा मूळ पुतळा हात लावून लावून इतका झिजला की २०१४ मध्ये तो आत नेऊन बाहेर प्रत ठेवावी लागली. इथे कवच सहा-सात मिलिमीटरचं असलं तरी दंडापाशी जाडी दरवर्षी मोजायची नोंद केली आहे.

मग पोशाख. पहिल्या पावसात कोणीतरी तिघांवर एकच रेनकोट पसरला, लोकांना तो आवडला. झोपलेल्याच्या गळ्यात एकदा हार पडला आणि दुसऱ्या दिवशी तक्रार आली, कारण मिटलेले डोळे आणि हार एकत्र बघून लोकांना भलतंच वाटलं. दसऱ्याला रोजच्या गटाने बाकड्याला झेंडूचं तोरण बांधलं, गाडीच्या डब्याला बांधतात तसं. निवडणुकीच्या दिवसांत तिघांच्या गळ्यात एका पक्षाची उपरणी आली, आणि एका कंपनीने रात्रीतून टी-शर्ट चढवले. सगळं बंद करावं असा आग्रह होता. ब्रसेल्समध्ये मानेकेन पिसच्या पोशाखासाठी रीतसर अर्ज करावा लागतो, तसा अर्ज ठेवावा अशीही सूचना आली. निर्णय मधला झाला: पक्ष आणि उत्पादन दिसताक्षणी काढायचं, बाकी काहीही २४ तास राहू द्यायचं. चेहरा झाकायचा नाही आणि चौथ्या सीटवर काही ठेवायचं नाही. ही दोन कलमं आम्हाला सगळ्या नियमावलीत सगळ्यात विचारपूर्वक लिहिलेली वाटतात.

ज्या लोकप्रतिनिधीने थट्टेचा प्रश्न विचारला होता, त्यांनी पुढे वॉर्डातल्या ज्येष्ठांची सहल निघताना गटाचा फोटो याच बाकड्यापाशी काढला. ते स्वतः चौथ्या सीटवर होते.

पुन्हा करायचं झालं तर

फोटो काढणाऱ्यांसाठी पदपथाच्या बाहेर जागा आधीच धरावी. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात इथे चालणाऱ्यांना रस्त्यावर उतरावं लागत होतं. शेवटी समोरच्या बाजूचे दोन दुचाकी पार्किंगचे चौकोन काढून पदपथ फुगवून घेतला, आणि त्यासाठी पार्किंगवाल्यांशी जी ओढाताण झाली ती सुरुवातीला टाळता आली असती. व्हीलचेअरवरून येणाऱ्याला चौथ्या सीटशेजारी थांबता येईल असा ९० सेंटिमीटरचा सपाट तुकडाही त्याच वेळी मिळाला. तो मूळ आराखड्यात असायला हवा होता.

सावलीचा विचार उशिरा झाला. बाकडं पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि चारनंतरचं ऊन थेट अंगावर येतं. मागे लावलेला बकुळ मोठा व्हायला काही वर्षं जातील.

देखभालीचा खर्च बांधकामाच्या निविदेतच पाच वर्षांसाठी धरावा. इथे तो धरला नव्हता, म्हणून पॅटिनाच्या दुरुस्तीचे पैसे लोकवर्गणीतून आले. आणि साचे जपून ठेवावेत. चष्मा, पेपरची घडी, मटारांचा डबा आणि पेपरवाल्याचा उजवा हात, या चार तुकड्यांचे रबरी साचे ओतशाळेने काम संपल्यावर टाकून द्यायला काढले होते. शिल्पकाराने ते मागून घेतले. आता ते उद्यानाच्या चौकीत, खतांच्या गोण्यांपासून दूर, वरच्या फळीवर एका पत्र्याच्या पेटीत आहेत, प्रत्येकावर नाव आणि तारीख लिहून. त्याच पेटीत सागवानाच्या तीन पट्ट्याही कापून ठेवल्या आहेत, २२ सेंटिमीटरच्या.